अनुभवी ट्रक-ट्रेलर चालकांसाठी: नव्या मालकाकडे पगार ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, नवी मुंबई, भिवंडी आणि न्हावा शेवा या पट्ट्यात काही वर्षं जड गाडी चालवलेल्या आणि आता नवीन मालक किंवा कंपनी धरणाऱ्या चालकांसाठी ही माहिती आहे. पहिल्या दिवशी ठरलेल्या आकड्यावरच पुढची वाढ, ओव्हरटाइम आणि बोनस मोजला जातो, म्हणून बोलणी पहिल्याच दिवशी नीट व्हायला हवीत. खालच्या हिशोबांतले पगाराचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, ते बाजारभाव समजू नका.

मालक भेटल्याबरोबर विचारतो, "बोल, किती घेणार?" काय सांगावं?

लगेच आकडा सांगू नका. आधी कामाची माहिती घ्या: गाडी कोणती, किती चाकी, कुठल्या सालातली, लाइन (नेहमीचा मार्ग) कुठली, महिन्याला सरासरी किती खेपा होतात, क्लीनर मिळणार का, परतीचं भाडं कोण बघतं, गाडी उभी राहिली तर काय देता. एवढं कळल्याशिवाय सांगितलेला आकडा कमी तरी पडतो, नाहीतर मालकाला उगाच जास्त वाटतो.

मग सांगताना हातात येणारी रक्कम सांगा. "शेठ, जेवणखर्च सोडून महिन्याला घरी एवढे जायला हवेत. पगार आणि भत्ता कसा लावायचा ते बसून ठरवू." असं बोललं की पगार कमी करून भत्त्याचं गाजर दाखवणं मालकाला अवघड जातं. मनात मात्र दोन आकडे पक्के असू द्या, एक मागायचा आणि एक ज्याच्या खाली उतरायचं नाही असा.

पक्का पगार, खेपेवर, की भाड्याच्या टक्केवारीवर? काय परवडतं?

ते लाइनवर अवलंबून आहे. गाडी उभी राहण्याची शक्यता जास्त असेल तिथे पक्का पगार घ्या. गाडी सतत पळते आणि परतीचा माल ठरलेला आहे, अशा लाइनवर खेपेचा दर चालतो. टक्केवारी तेव्हाच घ्या, जेव्हा भाड्याचं बिल तुम्हाला दाखवलं जाणार आहे. भाडं किती ठरलं हेच माहीत नसेल तर त्याच्या टक्क्यांना काही अर्थ उरत नाही.

पक्का पगार आणि भत्ता यांचं गणित बरेच जण चुकतात, म्हणून ते पूर्ण मांडतो. पहिला मालक म्हणतो, पगार २२,००० आणि गाडी चालेल त्या दिवशी ४०० भत्ता. महिन्यात १८ दिवस गाडी चालली तर भत्ता ७,२०० आणि एकूण २९,२००. दुसरा म्हणतो, पगार १८,००० आणि हजेरीच्या प्रत्येक दिवशी ५०० भत्ता. २६ दिवसांचे १३,००० धरून एकूण ३१,०००. वरवर पाहता दुसरा १,८०० रुपयांनी बरा.

आता ओव्हरटाइम धरा. कायद्याने तो दुप्पट दराने द्यायचा असतो. २२,००० ला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं तर तासाचे साधारण १०५ रुपये ७५ पैसे, दुप्पट केले की २११. १८,००० वर तोच दुप्पट दर १७३ येतो. महिन्याला ६० तास ओव्हरटाइम होत असेल तर फरक सुमारे २,३०० रुपयांचा पडतो आणि पहिला मालक पुढे जातो. अर्थात ओव्हरटाइम खरोखर मोजून देणारा मालक असेल तरच हा हिशोब लागू. जिथे तो देतच नाहीत तिथे दुसरा पर्याय घ्या, पण "हजेरीच्या प्रत्येक दिवशी" हे शब्द लिहून घ्या. भत्ता "गाडी चालेल त्या दिवशी" की "हजेरीच्या दिवशी", यावर सगळं गणित फिरतं.

गाडी न्हावा शेव्यात किंवा गोदामावर दोन-दोन दिवस उभी राहते. त्याचे पैसे मागता येतात का?

मागितलेच पाहिजेत. आमच्या मते या भागात अनुभवी ड्रायव्हरचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. पगाराच्या आकड्यावर हजार-पाचशेसाठी तासभर घासाघीस होते आणि उभ्या गाडीचा विषय निघतच नाही.

समजा, न्हावा शेव्यातून भरलेला कंटेनर भिवंडीत मानकोली किंवा काल्हेरच्या गोदामावर खाली करायचा आणि रिकामा कंटेनर यार्डात परत द्यायचा, या फेरीचे १,२०० ठरले. एका दिवसात फेरी झाली तर दिवसाचे १,२०० पडले. टर्मिनलच्या गेटवर रांग लागली, गोदामात डॉक (माल उतरवायची जागा) रिकामा नाही, यार्डाने रिकामा कंटेनर घ्यायला नकार देऊन दुसऱ्या यार्डाला पाठवलं, की तीच फेरी दोन दिवसांवर जाते आणि दिवसाला ६०० उरतात. वर दोन दिवसांचं जेवण तुमच्या खिशातून.

म्हणून चार गोष्टी आधीच ठरवा. पहिली, वेळ कधीपासून मोजायची: गाडी गेटवर किंवा गोदामावर लागल्याचा रिपोर्ट दिला त्या क्षणापासून. माल उतरायला लागल्यापासून मोजणारे मालक आहेत, त्याला हो म्हणू नका. दुसरी, किती तास फुकट: स्थानिक फेरीला ८ ते १२ तास, लांबच्या लाइनला २४ तास अशी मागणी रास्त आहे. तिसरी, त्यानंतर प्रत्येक दिवसाचा किंवा अर्ध्या दिवसाचा दर. चौथी, पुरावा काय धरायचा.

पुराव्यासाठी गेटची पावती, कंटेनर घेता-देताना मिळणारी ईआयआर नावाची पावती, गोदामाच्या रजिस्टरमधली वेळ आणि गाडीच्या जीपीएसची नोंद पुरते. पोहोचल्याबरोबर गेटचा फोटो सुपरवायझरला व्हॉट्सॲप करा, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते.

मालक म्हणेल, "पार्टी मला हॉल्टिंग देत नाही, मी तुला कुठून देऊ?" तेव्हा सुचवा की पार्टीकडून (म्हणजे मालाच्या गिऱ्हाइकाकडून) हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, मिळाले तर त्यातला ठरलेला वाटा माझा, आणि नाही मिळालं तरी जेवणाचा भत्ता रोज चालू. बहुतेक मालक दुसऱ्या भागाला तरी तयार होतात.

उभ्या गाडीचा आणखी एक फटका ई-वे बिलाचा, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा. साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस अशी त्याची मुदत असते. गाडी अडकून मुदत संपली आणि वाटेत दंड झाला तर तो ड्रायव्हरच्या माथी नको. मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत ती वाढवता येते. ते काम ऑफिसचं आहे, तुमची जबाबदारी वेळेवर कळवण्यापुरती.

डिझेलच्या ॲव्हरेजवर बोलणी कशी करायची?

अनुभवी ड्रायव्हरचं खरं बळ इथे आहे. समजा, ट्रेलर महिन्याला ६,००० किलोमीटर चालतो. लिटरला ३ किलोमीटरने २,००० लिटर लागतात, ३.२ ने १,८७५. वाचले १२५ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला ११,२५० रुपये मालकाचे वाचतात, तेही एकाच गाडीवर. तुम्ही दोन-तीन हजार पगार जास्त मागत असाल तर हा हिशोब कागदावर लिहून समोर ठेवा. तोंडी "मी गाडी चांगली चालवतो" याला मालकाच्या लेखी किंमत नाही, कारण ते प्रत्येकजण म्हणतो.

पण ॲव्हरेजची अट दुधारी आहे. ठरलेल्यापेक्षा कमी निघालं की कपात होते, म्हणून आकडा मान्य करण्याआधी भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा वेगळा आकडा ठरवा. बोरघाट किंवा कसारा घाट चढणाऱ्या लाइनला सपाट रस्त्याचा आकडा लावू देऊ नका. रांगेत इंजिन चालू ठेवावं लागलं तर मोठं इंजिन तासाला साधारण दोन लिटर पिऊन टाकतं आणि किलोमीटर एकही होत नाही. तो वेळ हिशोबातून वजा व्हायला हवा. एन-२ आणि एन-३ वर्गातल्या (साडेतीन टनांवरच्या मालवाहू), १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकांत एसी केबिन सक्तीची झाली आहे. अशा गाडीला जुन्या गाडीचं ॲव्हरेज लावणं चूक आहे.

आकडा ठरवायची खरी पद्धत एकच: टाकी गळ्यापर्यंत भरून निघायचं, त्याच लाइनवर दोन-तीन फेऱ्या करायच्या, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. काट्यावर किंवा मीटरच्या डिस्प्लेवर विसंबू नका. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीला धूर स्वच्छ करायला युरिया लागतो, त्याचा खर्च डिझेलच्या हिशोबात घुसडू देऊ नका. आणि जिथे कपात आहे तिथे बक्षीसही हवं: वाचलेल्या डिझेलचा अर्धा पैसा ड्रायव्हरला, ही मागणी रास्त आहे.

अनुभव सिद्ध कसा करायचा? जुना मालक पत्र देत नाही.

पत्र नसलं तरी चालतं. पुढचे कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आणि मोबाइलवर ठेवा: जड वाहनाचं लायसन्स, बँकेचं स्टेटमेंट ज्यात जुन्या मालकाकडून आलेला पगार दिसतो, पीएफचा यूएएन (खाते नंबर) असेल तर पासबुक, कामाच्या लाइनच्या काही बिल्ट्यांचे (माल पाठवल्याच्या पावत्यांचे) आणि पोच पावत्यांचे फोटो, बंदराचा पास असेल तर तो, आणि पोलिस पडताळणीचा दाखला.

त्यापुढे कामाबद्दल नेमकं बोला. "दहा वर्षं गाडी चालवतो" यापेक्षा "४० फुटी ट्रेलर गोदामाच्या डॉकला मदतनिसाशिवाय मागे लावतो, फॉर्म १३ आणि सील नंबर गेटच्या आधी तपासतो, कळंबोलीतून कॉइल भरताना साखळ्या आणि ठोकळे स्वतः बघून घेतो" हे वाक्य जास्त पैसे मिळवून देतं. (फॉर्म १३ म्हणजे निर्यातीचा कंटेनर बंदरात नेण्याचा कागद, कॉइल म्हणजे पोलादाची जड गुंडाळी.) कॉइल घसरण्याची, चुकीच्या सीलमुळे गाडी परत फिरण्याची भीती प्रत्येक मालकाला असते.

धोकादायक मालाच्या टँकरला जास्त मागता येतं का?

हो. माहुल, उरण, तळोजा, पाताळगंगा या भागात त्याला मागणी असते. त्यासाठी लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद हवी. पहिल्यांदा ३ दिवसांचं प्रशिक्षण लागतं, नोंद ३ वर्षं चालते आणि नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागतो. नोंद संपत आली असेल तर नूतनीकरण करूनच मुलाखतीला जा, नाहीतर तोच मुद्दा मालक दर पाडायला वापरतो. प्रशिक्षणाची फी आणि त्या दिवसांची हजेरी कोण देणार हेही ठरवून घ्या.

मालक कशाकशाचे पैसे कापू शकतो?

वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ शकत नाहीत. माल गहाळ झाला किंवा खराब झाला तर ते ड्रायव्हरच्या हयगयीमुळेच झालं असलं पाहिजे आणि कापण्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. "पार्टीने डेबिट नोट पाठवली, म्हणून तुझ्या पगारातून" हे चालत नाही.

व्यवहारात यावरचा उपाय म्हणजे माल भरतानाच नोंद करणं. बंद कंटेनर मिळाला तर सीलचा फोटो काढा आणि बिल्टीवर "सीलबंद मिळाला, माल मोजलेला नाही" असं लिहा. उघड्या गाडीत नग मोजून घ्या. पावसाळ्यात ताडपत्री फाटकी असेल तर निघण्याआधी तिचा फोटो पाठवा. माल भिजला की पहिलं बोट ड्रायव्हरकडे जातं.

जास्त वजनाच्या दंडाबाबत तर आधीच स्पष्ट बोला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे. ड्रायव्हर स्वतः मालक नसेल तर मालकाच्या माहितीने किंवा सांगण्यावरून जादा माल भरला, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. तेव्हा दंड मालकाचा. वजनकाट्याची पावती कायम जवळ ठेवा. सिग्नल तोडणं किंवा मोबाइलवर बोलणं याचं ई-चलन ड्रायव्हरचं, हे मान्य करा. त्याने तुमची बाकीची मागणी सरळ वाटते.

कंपनीने ३२,००० सीटीसी सांगितली. हातात किती येतील?

३२,००० येणार नाहीत. सीटीसी म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च; त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, कधी ग्रॅच्युइटीची तरतूद आणि विम्याचा हप्ताही मोजलेला असतो. १५,००० च्या मर्यादेवर पीएफ कापत असतील तर कंपनीचे १,८०० आणि तुमचे १,८०० असे ३,६०० तिथेच जातात. महाराष्ट्राचा व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. पीएफ तुमचाच पैसा आहे, तो नको म्हणू नका. फक्त "हातात किती?" हे एचआरकडून लिहून घ्या.

ईएसआयसीची (कामगार राज्य विम्याची) वेतनमर्यादा २१,००० आहे. तुमचं वेतन त्याच्या जरा वर गेलं की चालू सहामाही कालावधी आणि त्याला जोडलेला लाभाचा काळ संपल्यावर कुटुंबाचे दवाखान्याचे लाभ बंद होतात. पाचशे रुपयांच्या वाढीने ते जात असतील तर बदल्यात कंपनीचा आरोग्य विमा मागा.

ट्रायल ट्रिपचे पैसे मिळतात का?

गेटपासून गेटपर्यंतची अर्ध्या तासाची चाचणी फुकट द्यायला हरकत नाही. भरलेली गाडी भाड्यावर गेली की ते काम झालं, त्याची हजेरी आणि भत्ता मिळायला हवा. निघण्याआधी एवढं एकच वाक्य बोला: "ट्रायल पसंत पडो न पडो, या खेपेचे एवढे."

सुरुवातीलाच मोठी उचल मिळते आहे. घ्यावी का?

शक्यतो नको. ५०,००० उचल घेतलेला माणूस पहिल्या महिन्यापासून दबून राहतो, पगार उशिरा आला तरी बोलू शकत नाही. घरात दुखणं किंवा शाळेची फी असेल आणि घ्यावीच लागली, तर महिन्याला किती कापणार आणि काम सोडलं तर कशी फेडायची हे त्याच दिवशी लिहा.

"तीन महिने काम बघतो, मग वाढवतो" असं म्हणतात. विश्वास ठेवावा का?

मालकाची अडचण समजून घ्या. नव्या ड्रायव्हरने गाडी वाटेत सोडून जाणं, डिझेल चोरणं, पहिल्याच महिन्यात ठोकणं, हे त्याने भोगलेलं असतं. म्हणून नकार न देता वाढीला तारीख आणि आकडा लावा: आता २३,०००, अपघात आणि मालाची तक्रार नसेल तर ९० दिवसांनी २५,५००, आणि तारीख लिहून. "काम बघून" हे शब्द कागदावर नकोत, कारण ते कशावरून मोजायचं हे कधीच ठरत नाही.

विम्याबद्दल काय विचारायचं?

गाडीच्या पॉलिसीची प्रत मागून बघा. तिच्यातला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालक स्वतः गाडी चालवतो त्याच्यासाठी असतो, पगारी ड्रायव्हरसाठी नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो अपघातानंतरच कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो. पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचा वेगळा उल्लेख आणि त्याचा हप्ता भरलेला आहे का ते पाहा. नसेल तर स्वतंत्र अपघात विमा मागा. हप्ता मालकाला जड नसतो. अपघात झाला तर जामीन आणि वकिलाचा खर्च कोण करणार, हेही याच वेळी बोलून घ्या.

बोलणी करायची चांगली वेळ कोणती?

गणपती, दिवाळी, होळी आणि गावच्या जत्रांच्या आधी ड्रायव्हर गावाला जातात आणि गाड्या उभ्या राहतात. पेरणीच्या सुमारासही तेच. महिनाअखेरीला निर्यातीचा माल बंदराकडे पळतो. या दिवसांत मालक ऐकून घेतो. मात्र सणाच्या तोंडावर ठरवताना सुट्टीचंही बोला, नाहीतर जादा पगार घेऊन दिवाळी कळंबोलीच्या टर्मिनलवर काढावी लागते.

भेटायच्या आधी त्या मालकाचे दोन-तीन ड्रायव्हर वडाळा, कळंबोली किंवा भिवंडीत गाठा आणि विचारा: पगार किती तारखेला होतो, हिशोब कसा होतो, मागचा माणूस का सोडून गेला.

मूळ लायसन्स ऑफिसात जमा करा म्हणतात.

देऊ नका. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरवरून दाखवा. खरेपणा त्यांना परिवहनच्या पोर्टलवर तपासता येतो. मूळ लायसन्स अडकलं की काम सोडायचं स्वातंत्र्यही अडकतं.

नेमणूकपत्र मिळत नसेल तर ठरलेलं पक्कं कसं करायचं?

१० किंवा जास्त कामगार असतील तर मोटार वाहतूक व्यवसायालाही नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार नेमणूकपत्र द्यावं लागतं. तीन-चार गाड्यांच्या मालकाकडे ते मिळेलच असं नाही. तिथे व्हॉट्सॲपचा एक मेसेज पुरतो: "शेठ, आज ठरल्याप्रमाणे: पगार २३,०००, ७ तारखेच्या आत बँकेत. भत्ता ४५०, हजेरीच्या प्रत्येक दिवशी. १२ तासांनंतर उभ्या गाडीचे दिवसाला ५००. ॲव्हरेज भरलेलं ३, रिकामं ४. जादा वजनाचा दंड मालकाकडे. १ तारखेपासून कामावर येतो. बरोबर आहे ना?" समोरून "हो" किंवा नुसता अंगठा आला तरी तो जपून ठेवा, चॅट पुसू नका.

पहिल्याच पगारात न विचारता पैसे कापून आले. आता?

त्याच दिवशी लेखी हिशोब मागा: कशाचे, किती, कोणत्या खेपेचे. आवाज चढवू नका आणि भरलेली गाडी वाटेत उभी करू नका. गाडी अडवली की दोष तुमच्यावर येतो आणि चोरी किंवा अपहाराची तक्रार व्हायचा धोका असतो. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर ठरलेल्याचा मेसेज, बँक स्टेटमेंट, खेपांच्या तारखा आणि पावत्यांचे फोटो एकत्र करून कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. वेतनाच्या दाव्याला वेतन संहितेत ३ वर्षांची मुदत आहे, पण उशीर केला की गेटच्या पावत्यांवरची शाई उडून जाते, म्हणून त्यांचे फोटो रोजच्या रोज काढत जा. काम सोडलं असेल तर शेवटचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. राजीनाम्याचा मेसेज तारखेसह पाठवा आणि गाडी, चाव्या, फास्टॅग, डिझेल कार्ड परत दिल्याची सही घ्या.